बेसिनभोवतीच्या मार्बलला रंग द्यावा का?

मीनल_चिंचवड | ३ जुलै

नमस्कार मंडळी,

आईच्या घरी बाथरूममध्ये बेसिनभोवती पांढऱ्या मार्बलचा ओटा आहे. साडेतीन फूट लांब, पावणेदोन फूट रुंद, पुढच्या कडेला हाफ राउंड मोल्डिंग. १९९७ साली घर घेतलं तेव्हा बाबा स्वतः मार्बलवाल्याकडे जाऊन तो तुकडा निवडून आले होते. मधून एक तिरकी राखाडी शीर गेलीये, ती पाहूनच घेतला म्हणायचे. बाबा जाऊन सहा वर्षं झाली.

आता त्या दगडाची पार रया गेलीये. नळाभोवती पांढरा खरखरीत थर, बाकी सगळा भाग मंद आणि खडबडीत, एका कोपऱ्यात हेअर डायचा तपकिरी डाग, मोल्डिंगचा एक टवका उडालेला. आईच्या हाताला ते खरबरीत लागतं, कितीही पुसलं तरी स्वच्छ वाटत नाही, म्हणून ती वैतागलीये.

एका ठेकेदाराला दाखवलं. त्याने दोन पर्याय दिले: फोडून नवीन क्वार्ट्झ (कारखान्यात बनवलेला कृत्रिम दगड) बसवणे, नाहीतर वरून एपॉक्सी रंग, दोन दिवसांत काम पूर्ण. आई म्हणते रंग दे आणि मोकळी हो. फोडायला माझं मन धजत नाही, आणि रंगाबद्दल काही कळत नाही. कुणी असा रंग दिलाय का? किती टिकतो?

ठोकपीट | ३ जुलै

सगळ्यात आधी तो खरंच मार्बल आहे का ते बघा. ओट्याच्या खालच्या बाजूला, जिथे पॉलिश नाही आणि कुणाला दिसणार नाही, तिथे लिंबाच्या रसाचे दोन थेंब लावा. बारीक फेस आला तर मार्बल. नाही आला तर दुसरं काहीतरी. या एका गोष्टीवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

अनुजा_एडिसन | ४ जुलै

मी न्यू जर्सीत राहते आणि बाथरूमचा काउंटर दोनदा रंगवलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

इथल्या जुन्या घरांत बेसिनचा काउंटर बहुतेक दोनच प्रकारचा असतो. एक म्हणजे भुशाच्या बोर्डावर लॅमिनेट, आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो ते. दुसरा 'कल्चर्ड मार्बल'. नाव मार्बलचं असलं तरी तो मार्बलची भुकटी पॉलिएस्टर रेझिनमध्ये मिसळून साच्यात ओतलेला असतो, वर जेलकोटचा पातळ थर. हे दोन्ही एकदा झिजले की घासून पुन्हा चमकवता येत नाहीत, कारण वरच्या पातळ थराखाली दाखवण्यासारखं काही नसतंच. बदलायचं तर मजुरी प्रचंड. म्हणून इथे लोक स्वतः रंगवतात, आणि त्यासाठी तयार संचही मिळतात.

पहिल्यांदा रंगवला तो आठ महिन्यांत नळापाशी सोलला. दोन चुका झाल्या होत्या. बेसिनच्या कडेचं जुनं सिलिकॉन मी नुसतं वरवर कापलं होतं, त्याचा पातळ थर मागे राहिला. सिलिकॉनवर कुठलाच रंग धरत नाही. दुसरी चूक म्हणजे रंग हाताला सुका लागला म्हणून तिसऱ्या दिवशी बेसिन वापरायला घेतलं. वरून सुकणं वेगळं आणि आतपर्यंत पक्कं होणं वेगळं. त्याला आठवडा तरी द्यायला हवा होता.

दुसऱ्यांदा सिलिकॉन पात्याने पूर्ण खरवडलं, स्पिरिटने पुसलं, २२० नंबरच्या पॉलिशपेपरने सगळा पृष्ठभाग मंद होईपर्यंत घासला, चांगला पकडणारा प्रायमर दिला, मग दोन पातळ हात आणि वर पारदर्शक थर. नवं सिलिकॉन सगळ्यात शेवटी. त्याला आता पाच वर्षं झाली, अजून उत्तम आहे.

पण मीनल, तुझ्याकडे खरा दगड असेल तर मी रंगवणार नाही. माझ्या काउंटरखाली भुसा होता गं!

पेठेतला_पंत | ४ जुलै

अनुजाताई, सनमायकावरून आठवलं. तशाच दुसऱ्या लॅमिनेटला 'फॉर्मायका' हे नाव कसं पडलं माहीत आहे? १९१२-१३ च्या सुमारास अमेरिकेत हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओकॉनर या दोघांनी हे लॅमिनेट काढलं, ते विजेच्या उपकरणांत रोधक म्हणून. तोवर तिथे अभ्रक, म्हणजे मायका, वापरत. मायकाच्या ऐवजी, 'फॉर मायका', म्हणून फॉर्मायका. टेबलांवर आणि ओट्यांवर ते नंतर आलं. आपल्याकडचा सुताराच्या तोंडी बसलेला 'मायका' शब्द असा लांबून फिरून आलाय.

भूस्तर | ४ जुलै

मी भूगोल आणि भूशास्त्र शिकवतो. ठोकपीट यांचा सल्ला अगदी बरोबर आहे, त्यात थोडी भर घालतो.

मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल पडलं की ते विरघळतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तोच फेस. राजस्थानातल्या मकराण्याचा दगड कॅल्साइट या खनिजाचा, त्यावर लगेच फेस येतो. तिथल्याच राजनगरकडचा पुष्कळसा 'मार्बल' डोलोमाइट या खनिजाचा असतो, त्यावर फेस उशिरा आणि कमी दिसतो. तेव्हा लिंबाला थोडा वेळ द्या.

आता मुख्य मुद्दा. तुमच्याकडे नळाभोवती जो पांढरा थर आहे तो बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचा क्षार असणार. तोही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. म्हणजे क्षार आणि खालचा दगड रासायनिकदृष्ट्या सख्खे भाऊ. जे द्रव्य क्षार विरघळवतं ते दगडही विरघळवतंच. बाथरूमचं अ‍ॅसिड, व्हिनेगर, लिंबू, सगळंच. तुम्ही ज्याला खडबडीत आणि मंद म्हणता तो मळ नसून अ‍ॅसिडने खाल्लेला पृष्ठभाग असावा. त्यामुळेच तो कितीही पुसला तरी स्वच्छ वाटत नाही.

कडप्पा, कोटा, शहाबादी फरशी हे सगळे चुनखडीचेच दगड. त्यांनाही हाच नियम. ग्रॅनाइटला मात्र या साध्या आम्लांनी सहसा फारसं काही होत नाही.

मनवा | ४ जुलै

म्हणजे आमच्याकडे दर रविवारी कडप्प्यावर लिंबाची सालं घासतात ते... अरे देवा. आज्जीला हा धागा वाचून दाखवते. रविवारच्या आत!

प्रसाद_डोंबिवली | ५ जुलै

मी दुसरी बाजू मांडतो, कारण रंग वाईटच असं चित्र उभं राहतंय.

आमच्या भाड्याने दिलेल्या फ्लॅटमध्ये बेसिनच्या ओट्यावर जुन्या विटकरी टाइल्स होत्या. पक्क्या बसलेल्या, पण दिसायला अगदी निरुत्साही. फोडल्या असत्या तर खालचं वॉटरप्रूफिंग गेलं असतं आणि खालच्या मजल्यावर गळती झाली असती. मी दोन भागांचा एपॉक्सी रंग दिला. साडेचार वर्षं झाली, तिसरे भाडेकरू राहतायत, एका कोपऱ्यात नखाएवढा पोपडा सोडला तर सगळं शाबूत आहे.

एक सूचना. रेझिन आणि हार्डनर एकत्र केलं की उष्णता निघते. मी पहिल्यांदा सगळं एका मगात कालवलं, तर ते भांडं हाताला पोळू लागलं आणि वीस मिनिटांत आत दगड झाला. थोडं थोडं कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता.

ठोकपीट | ५ जुलै

प्रसाद, तुमचं काम झालं कारण टाइलला वरून काचेचा थर असतो, पाणी आत शिरत नाही. मार्बलचं तसं नाही. तो थोडंफार पाणी पितो. बेसिनसाठी जे भोक कापलेलं असतं त्याची आतली कड बहुतेक वेळा उघडीच ठेवतात. तिथून ओल आत जाते आणि रंगाला खालून उचलते. सोलायला सुरुवात नेहमी बेसिनच्या कडेपासून होते, त्याचं कारण हेच.

आणि एक साधा विचार करा. रंग धरावा म्हणून आधी तो दगड घासून खरबरीत करायला लागणार. घासायचाच आहे, तर थांबायचं कशाला? पुढचे बारीक नंबर लावत गेलात की रंगाची गरजच उरत नाही, मूळचं पॉलिश परत येतं. लॅमिनेटच्या नशिबात हे नाही. दगडाच्या आहे.

रसायनी | ५ जुलै

रंगाच्या बाजूने निर्णय झालाच तर सुरक्षिततेबद्दल कळकळीने लिहिते. मी रंग-रसायनांच्या प्रयोगशाळेत काम केलंय.

पहिलं, आत्ता जुलै आहे. ओल्या हवेत एपॉक्सीतला हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो आणि वर मेणासारखा चिकट पापुद्रा येतो. त्यावर पुढचा हात धरत नाही. पाऊस संपू द्या.

दुसरं, साधा एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफा अडवत नाही. वाफांसाठी कोळशाच्या डब्या असलेला मास्क लागतो. हातात नायट्राइलचे मोजे घालाच. कालवलेलं एपॉक्सी कातडीला लागत राहिलं तर काही जणांना कायमची अ‍ॅलर्जी जडते, मग पुढे नुसत्या वासानेही चट्टे उठतात.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: जुना रंग काढायला मिथिलीन क्लोराइड असलेला स्ट्रिपर बंद बाथरूममध्ये कधीही वापरू नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साठते, आणि शरीरात गेल्यावर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबचा थर काढताना १३ कामगार यानेच दगावल्याची नोंद तिथल्या आरोग्य यंत्रणेने केली. २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना असे स्ट्रिपर विकायला तिथे बंदी आली. काम करणारा माणूस आपल्या घरातला असो की मजूर, त्याला असं आत कोंडून काम करायला लावू नये.

अनुजा_एडिसन | ५ जुलै

रसायनी, हे लिहिलंत ते फार बरं झालं. मी पहिल्यांदा खिडकी बंद ठेवून काम केलं होतं, बाहेर बर्फ होता म्हणून. डोकं दिवसभर ठणकत होतं.

वाईकर | ६ जुलै

ओटा, मार्बल, कडप्पा वाचून आमचा जुना वाडा आठवला. मोरीच्या बाजूला काळ्या कडप्प्याची मोठी शिळा होती. दिवाळीच्या आधी आई ती घासायची आणि पूर्ण सुकली की नारळाच्या तेलाचा बोळा फिरवायची. शिळा इतकी काळीभोर दिसायची की आम्ही मुलं तीत तोंड बघायचो. वाडा पाडला तेव्हा ती शिळा मी मागून घेतली. आज आमच्या अंगणात बसायला आहे. अजून दिवाळीला तेल लावतो.

बाबांनी शीर बघून निवडलेला दगड आहे, ताई. घाई करू नका.

पॉलिशप्रेमी | ६ जुलै

गेल्या वर्षी आमच्या देवघराचा आणि बेसिनचा मार्बल पुन्हा पॉलिश करून घेतला. पूर्ण वेळ शेजारी उभा होतो, तेव्हा पाहिलेलं सांगतो.

माणूस शोधताना 'ठेकेदार' शोधू नका, फरशीला मशीन मारणारा पॉलिशवाला शोधा. मोझॅक टाइल्सच्या जमान्यातले जुने कारीगर अजून आहेत. मात्र ओट्यासाठी मोठं मशीन चालत नाही, हातात धरायचं छोटं, पाण्याचं, कमी-जास्त वेगाचं ग्राइंडर हवं. त्याला डायमंड पॅड लावतात: ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३०००. दगड किती खाल्लाय त्यावर सुरुवात कुठून ते ठरतं. आमचं १०० पासून केलं. एकही नंबर गाळायचा नाही. गाळला तर आधीच्या पॅडचे ओरखडे राहतात आणि ते पॉलिश झाल्यावर उजेडात दिसतात, तेव्हा मागे फिरायला लागतं. शेवटी पॉलिशची पावडर आणि नमदा.

सतत पाणी चालू असतं, त्यामुळे धूळ उडत नाही, पण दुधासारखा चिखल होतो. तो बेसिनमध्ये ढकलू देऊ नका, पाइपात बसतो. बादलीत भरून बाहेर टाका. आरसा आणि कपाटं प्लॅस्टिकने झाकून घ्या. कोपऱ्यात आणि नळामागे पॅड पोहोचत नाही, तिथे हाताने घासावं लागतं आणि कारीगर तिथेच कंटाळतो. तेव्हा चहा द्या.

मनवा | ६ जुलै

चहा मार्बलवर ठेवू नका एवढंच!

मीनल_चिंचवड | ८ जुलै

सगळ्यांचे मनापासून आभार. लिंबू लावलं. लगेच फेस आला.

आणि एक गोष्ट कळली. भूस्तर सरांचं उत्तर आईला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, बोअरचं पाणी सुरू झाल्यापासून ती दर शनिवारी पातळ केलेलं अ‍ॅसिड टाकून तो ओटा घासत होती. दहा-बारा वर्षं. "त्यांनी हौसेने आणलेला, तो घाण दिसू नये म्हणून करत होते गं," म्हणाली. मला काय बोलावं सुचेना. तिला म्हटलं, दगड तिथेच आहे, वरची पापुद्र्याएवढी चकाकीच गेलीये.

रंग रद्द. पाऊस संपला की पॉलिश. आता दोन प्रश्न: मोल्डिंगचा टवका कसा भरायचा, आणि हेअर डायचा डाग?

रसायनी | ८ जुलै

डागासाठी: औषधांच्या दुकानात ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. त्यात खडूची पांढरी पूड कालवून श्रीखंडाएवढा घट्ट लेप करा, डागावर बोटभर जाड थापा, वर प्लॅस्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद करा. २४ तासांनी प्लॅस्टिक काढून लेप आपोआप सुकू द्या. सुकताना तो दगडाच्या आतला रंग वर ओढून घेतो. एकदा नाही गेला तर दोन-तीनदा करा. पांढऱ्या मार्बलसाठीच हं, रंगीत दगड फिका पडू शकतो. आणि हे पॉलिशच्या आधी करा.

पॉलिशप्रेमी | ८ जुलै

टवका पॉलिशवालाच भरतो. पांढऱ्या मार्बलची भुकटी रेझिनमध्ये कालवून लावतात आणि सुकल्यावर दगडाबरोबरच घासतात. नीट बघितलं तर दिसतो, हाताला लागत नाही.

ठोकपीट | ९ जुलै

पॉलिशनंतर बेसिनच्या कडेला सिलिकॉन भरताना डबीवर 'न्यूट्रल' लिहिलेलं घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो ते सिलिकॉन पक्कं होताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं, आणि मार्बलची कड पुन्हा खाल्ली जाते. दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही.

नवखा_घरमालक | ९ जुलै

मग ठेकेदार म्हणतो तसं क्वार्ट्झ का नको? त्याला ना अ‍ॅसिड लागत ना पॉलिश.

भूस्तर | १० जुलै

वापरायला चांगलं आहे, मान्य. पण ते कापणाऱ्यांचा विचार करावा असं मला वाटतं. त्यात ९० टक्क्यांहून जास्त सिलिका असू शकते. कोरडं कापलं की ती बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असल्या कृत्रिम दगडाचे ओटे बनवणं, पुरवणं आणि बसवणं बंद केलं. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, पण बरीच कमी. कुठलाही दगड घरी आणून कापायचा असेल तर पाणी मारत कापायला सांगा, आणि तोंडाला रुमाल बांधून कोरडी पाती चालवणाऱ्या पोराला थांबवा.

मीनल_चिंचवड | १६ नोव्हेंबर

धागा वर काढतेय, कारण काम झालं.

डायच्या डागाला तीन वेळा लेप लावला. तिसऱ्यानंतर पिवळसर सावलीच उरली होती, ती घासताना गेली. पॉलिशवाले काका साठीचे असतील, निगडीहून आले. ओट्यावरून हात फिरवून म्हणाले, "अ‍ॅसिडने खाल्लाय, पण दगड चांगला आहे." ५० नंबरपासून सुरुवात करावी लागली. दीड दिवस लागला. नळामागची चार बोटं त्यांनी हाताने, गुडघ्यावर बसून घासली. तिथे पूर्ण चकाकी आली नाही, तसं त्यांनी आधीच सांगितलं होतं. टवका भरलाय, तिरक्या उजेडात ओळखू येतो.

४०० नंबर झाल्यावर त्यांनी पाणी ओढून घेतलं आणि ती राखाडी शीर दिसायला लागली. आई दारातच उभी होती. मला आठवत होती त्यापेक्षा ती शीर बरीच लांब निघाली. बेसिनच्या मागून भिंतीपर्यंत जाते, तो भाग इतकी वर्षं थराखालीच होता. आई म्हणाली, "अशीच होती. भिंतीपर्यंत."

वर दगडाचा सीलर लावून घेतलाय. त्याने डाग लवकर मुरत नाहीत, पण आम्लापासून रक्षण होत नाही हे काकांनीही बजावलं.

प्रसाद_डोंबिवली | १६ नोव्हेंबर

फार छान वाटलं वाचून. माझ्या टाइल्सना रंगच योग्य होता असं मी अजूनही म्हणेन, पण तुमच्या दगडावर तो दिला असता तर ती शीर कायमची झाकली गेली असती.

वाईकर | १७ नोव्हेंबर

आता क्षाराचं काय करता? पाणी तर तेच आहे.

मीनल_चिंचवड | १७ नोव्हेंबर

पाणी साठूच देत नाही. नळामागे एक जुना सुती पंचा ठेवलाय, जो शेवटी बेसिन वापरेल त्याने ओटा कोरडा करायचा. धुवायला भांड्यांचा सौम्य साबण, तोही लिंबाचा नाही. अ‍ॅसिडची बाटली आईने स्वतः शौचालयाच्या फडताळात, खालच्या कप्प्यात नेऊन ठेवली.